कढीलिंबाचा बॅकअप

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका मुलीने विचारलं, "तू झाडंबिडं लावतोस ना? मलाही किचन गार्डन करायचंय. एक किट बघितलंय ऑनलाइन, घेऊ का?" तिने मोबाइल पुढे केला. सहा प्रकारचं बी, कोकोपीटच्या वड्या, वीतभर उंचीच्या कुंड्या आणि एक चकचकीत पुस्तिका. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, चेरी टोमॅटो आणि बेसिल. मी चहाचा घोट घेऊन म्हणालो, "नको घेऊस." ती म्हणाली, "का?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि कारण अर्धवट राहिलं. म्हणून या विकांताला उरलेलं कारण इथे लिहून काढतो. तिलाही लिंक पाठवता येईल आणि मलाही परत परत बोलायला नको.

आधी माझी स्वतःची अब्रू काढून घेतो. २०१८ साली मी असलंच एक किट घेतलं होतं. मे महिन्याच्या शेवटी मोठ्या उत्साहाने बी पेरलं. मेथी चार दिवसांत वर आली. मी फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग जून उजाडला. तेराव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. कोथिंबीर पहिल्या आठवड्यातच झोपली, ती उठलीच नाही. पालकाची पानं सडली. टोमॅटोने मात्र तग धरला होता. पण त्याच सुमारास हापिसात मोठं रिलीज निघालं, मी दोन आठवडे रात्री अकराला घरी येत होतो, मध्ये पावसाने आठ दिवस दडी मारली आणि टोमॅटो वाळून गेला. थोडक्यात काय, अर्धी बाग जास्त पाण्याने गेली आणि उरलेली पाण्यावाचून!

बाबा तेव्हा नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. मी वैतागून कुंड्या रिकाम्या करत होतो. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझ्या आजीने आयुष्यात कधी मेथी लावली नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. कारण ते खरं होतं.

आमची चाळ गिरगावात, मुगभाटाच्या बाजूला. दुसरा मजला, लांबलचक सामाईक गॅलरी, एका टोकाला मोरी. गॅलरीच्या लाकडी कठड्याला तारेने बांधलेले डालड्याचे डबे, रॉकेलचे कापलेले डबे, एक फुटलेली बालदी. त्यात काय होतं ते आठवून बघितलं. तुळस तर होतीच. पानओवा, गवती चहा, कठड्यावरून वर छपराकडे गेलेला मायाळू, मोरीचं पाणी जायचं तिथे ठेवलेल्या बालदीत अळू. आणि अगदी टोकाला, भिंतीला टेकून ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपात आजीचा कढीलिंब. (आजी कधी कढीपत्ता म्हणाली नाही. कढीपत्ता भाजीवाला फुकट देतो तो, आणि कढीलिंब घरचा, अशी तिची विभागणी होती.) मला कळायला लागल्यापासून तो कढीलिंब माझ्याहून उंच होता. आजी त्याला उरलेलं आंबट ताक घालायची. पूर्ण मजल्यावर कुणाचीही फोडणी असो, पोरं येऊन दोन काड्या तोडून न्यायची. त्यासाठी विचारायची पद्धत नव्हती.

यातलं एकही झाड आजीने दरवर्षी लावलं नाही. एकदा लावलं, मग ते होतंच. शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे शब्द होते, ते आपण पाच मार्कांसाठी पाठ करून विसरलो. आजीला ते शब्द माहीत नव्हते, पण तिची अख्खी गॅलरी बहुवर्षायू होती.

आता मुद्द्यावर येतो. माझं स्पष्ट मत असं, की मुंबईत नोकरी करणाऱ्या, सकाळी आठला घराबाहेर पडणाऱ्या माणसाने घरात खाण्याची झाडं लावायची असतील तर बहुवर्षायूच लावावीत. मेथी-कोथिंबीर बाजारातून आणावी. तिथे ती छान मिळते.

कारण अगदी साधं आहे. मेथीचं आयुष्य एका हंगामाचं. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, संपायचं. तिच्याकडे जे काही आहे ते सगळं ती बियांवर खर्च करते, शिल्लक काही ठेवत नाही. बहुवर्षायू झाड कमाईतला एक भाग मुळांत, कंदात, खोडात साठवून ठेवतं. त्यामुळे त्याला वाईट महिना झेपतो. आमच्या बाल्कनीत दरवर्षी लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. लिंबू आणि कढीलिंब एकाच कुळातले, म्हणून त्यांना दोन्ही चालतात. मागच्या वर्षी चार दिवसांत त्यांनी कढीलिंबाच्या नुसत्या काड्या ठेवल्या. महिन्याभरात झाड पुन्हा पानांनी भरलं. तेच जर कोवळ्या कोथिंबिरीवर कुणी केलं असतं तर खेळ तिथेच खलास.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेथी म्हणजे दर दोन महिन्यांनी नवीन प्रोजेक्ट. नवीन सेटअप, नवीन टेस्टिंग, आणि तुम्ही सुट्टीवर गेलात की प्रॉडक्शन डाऊन. कढीलिंब म्हणजे ती जुनी लेगसी सिस्टिम, जी कुणी लिहिली आठवत नाही, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही, पण जी पंधरा वर्षं मुकाट चालू आहे. आपण सगळे लेगसीला नावं ठेवतो आणि पगार तिच्यावरच होतो. :)

दुसरं कारण मुंबईच्या पावसाचं. कुलाब्याला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आपलं शहर कोरडं. एकाच कुंडीला हे दोन टोकाचे हंगाम दाखवायचे असतील तर त्यात असं झाड हवं, ज्याला या हवेची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हळद बघा. आमच्या घरी श्रावणात पातोळ्या होतात, आणि हळदीच्या पानाशिवाय पातोळी म्हणजे नुसता उकडलेला पोळा. चार वर्षांपूर्वी मी ओल्या हळदीचे दोन कुडे कुंडीत पुरले. जानेवारीत पानं पिवळी पडून वाळून गेली. मला वाटलं, झालं, हेही मेलं. बाबा म्हणाले, "कुंडी कोपऱ्यात सरकव आणि विसर." खरंच विसरलो. मेच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आधीच, मातीतून हिरवी सुरळी वर आलेली! पाणी नाही, खत नाही, चार महिने काही नाही. तेव्हापासून पातोळ्यांची पानं घरची असतात.

हे काही माझं संशोधन नाही. या बेटाला हे पूर्वी माहीत होतं. नुसती गिरगावातली नावं वाचत चाला. फणसवाडी, केळेवाडी, बोरभाट, मुगभाट, कांदेवाडी. भाट म्हणजे बाग, मळा. सॅम्युएल शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १९१७ साली मुंबईच्या स्थळनामांवर आणि रस्त्यांच्या नावांवर अख्खं पुस्तक लिहिलंय. परळचं नाव पाडळ नावाच्या झाडावरून आलं असं मानतात. लालबागच्या तर नावातच बाग. माझगावच्या आंब्यांची कीर्ती एवढी, की १८१७ साली आलेल्या थॉमस मूरच्या 'लल्ला रूख'मध्येही त्यांचा उल्लेख आहे. आता फणसवाडीत फणस शोधायला जाऊ नका. पण रोज ज्या पाट्यांखालून आपण टॅक्सीने जातो त्या एकेकाळच्या बागांच्या पाट्या आहेत, आणि त्यातली बरीचशी नावं एकदा लावून वर्षानुवर्षं खायच्या झाडांची आहेत.

आणि हे सगळं जुनंच आहे असंही नाही. २००२च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. त्या तिथे कामगारांच्या जेवणाची व्यवस्था बघायच्या. हजारो माणसांच्या स्वयंपाकाचा ओला कचरा रोज निघायचा, तो बाहेर फेकण्याऐवजी गच्चीवर जिरवायला त्यांनी सुरुवात केली आणि त्यातून पेरू, चिकूसारखी फळझाडंसुद्धा उभी राहिली. गोदीतल्या सिमेंटच्या गच्चीवर! या मंडळींच्या मागे विचार होता तो कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा. हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, 'विपुलाच सृष्टी' लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की झाड मुख्यतः सूर्यप्रकाशावर वाढतं, माती ही आपल्याला पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून घरी करता येते. तिकडे ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली 'पर्माकल्चर' हा शब्द रूढ केला, त्यातही कायमस्वरूपी झाडांवर भर आहे. आपल्या कोकणातली परसबाग त्याहून कितीतरी जुनी, फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही.

बरं, आता कामाचं. माझ्याकडे काय टिकलं आणि काय नाही, ते सांगतो. बाल्कनी पूर्वेची, ऊन जेमतेम चार तास.

पानओवा : यापासून सुरुवात करा. कुणाकडूनही वीतभर फांदी आणा, खालची पानं काढा, मातीत खुपसा. दहा-पंधरा दिवसांत मूळ धरते. हे झाड फक्त जास्त पाण्याने मरतं, म्हणजे आळशी माणसासाठी आदर्श. पावसाळ्यात त्याच्या पानांची भजी.

मायाळू : नर्सरीत जायची गरज नाही. बाजारातून मायाळूची जुडी आणा, पानांची भाजी करा आणि जाड देठ पाण्यात ठेवा. मुळं फुटली की कुंडीत. वर चढायला एक दोरी द्या, की बाल्कनीचा पडदा तयार. पालकाची हौस इथे भागते.

गवती चहा : बुंध्यासकट एक ठोंब मिळवा. जितका कापाल तितका फुटतो. दोन वर्षांनी कुंडी फोडायला निघतो, तेव्हा ठोंब वेगळे करून वाटून टाका.

अळू : कमी ऊन चालतं, पाणी मात्र भरपूर हवं. वडीला काळ्या देठाचं घ्या. आणि अळू घरचं असण्यात एक वेगळाच फायदा आहे, ते कुठल्या पाण्यावर वाढलं ते आपल्याला माहीत असतं. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या भाज्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं वाचल्यात. शिजवताना चिंच किंवा चुका घालायला विसरू नका, नाहीतर घसा तुमची आठवण काढेल.

तोंडली : बियांच्या भानगडीत पडू नका. तोंडलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, बीपासून नर निघाला तर नुसती फुलं बघत बसाल. ज्या वेलाला तोंडली लागतात त्याचीच काडी मागून आणा. माझ्याकडे आठवड्याला मूठभर निघतात. भाजी होत नाही, मसालेभातात मात्र दिमाखात पडतात.

लिंबू : इथे मी हरलोय. चार वर्षं झाली, झाड उंच झालंय, फुलं येतात, गळतात. ऊन कमी पडतं हे मला कळतं, पण झाड काढवत नाही. फुलपाखरांचा पाळणाघर म्हणून ठेवलंय.

शेवगा : बाल्कनीत नको, सोसायटीच्या आवारात लावा. फांदी खोचली तरी येतो. पण लावताना जागा नीट बघा. त्याचं लाकूड ठिसूळ, वादळात मोडतं, त्यामुळे खाली पार्किंग नको. आणि एकदा मोठा झाला की मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मला विचाराल तर ही चांगलीच गोष्ट आहे.

काड्या-ठोंब कुठून आणायचे? आधी शेजारी, मग नातेवाईक, मग बाजार. पावसाळ्यात दादर स्टेशनच्या पश्चिमेला वसई-पालघरकडून आलेल्या बायका बसतात, त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. अळूचा कंद, हळदीचा कुडा मागितला तर पुढच्या खेपेला आणून देतात. आणि राणीच्या बागेत हिवाळ्याच्या शेवटी महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, ते बघून या. कुंडीत काय काय वाढू शकतं ते बघून डोळे उघडतात.

आता तुमच्या मनातले आक्षेप. मला तेही आलेत, त्यामुळे क्रमाने घेतो.

पहिला, पैसे वाचतात का? नाही. मी हिशोब मांडून बघितला, सगळं धरून महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये. एका पिझ्झ्याचीही बरोबरी नाही. पैशासाठी करायचं असेल तर करू नका.

दुसरा, वजन. हा आक्षेप मात्र खरा आहे आणि गंभीर आहे. शंभर लिटरचं पिंप ओल्या मातीने भरलं तर सव्वाशे-दीडशे किलो सहज होतं. जुन्या चाळीच्या लाकडी गॅलरीत असलं काही ठेवू नका. आमच्या आजीने ठेवलं होतं, ते चूकच होतं. दाभोळकरांच्या पद्धतीत यावर उपाय आहे. कुंडीत खाली रसवाल्याकडची उसाची चिपाडं, वर सुका पाला, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत आणि माती नावापुरती. कुंडी निम्म्याने हलकी होते. आणि कठड्यावर बाहेरच्या बाजूला काहीही लटकवू नका. खाली माणसं चालतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा, आणि तो माझ्या त्या सहकारी मुलीने लगेच काढला. "अरे, पण माझं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे. मी कुठे वर्षानुवर्षं टिकणारी झाडं लावत बसू?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चहाच्या कपाभरात सांगण्यासारखं नव्हतं.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा धोकादायक इमारतींची यादी काढते. गिरगाव-लालबागमधल्या उपकरप्राप्त इमारतींत राहणारी माणसं ती यादी दहावीच्या निकालासारखी वाचतात. आमच्या चाळीचं पुनर्विकासाचं घोडं बारा वर्षं पेंड खात होतं. शेवटी २०१८च्या मे महिन्यात खोल्या रिकाम्या करायचं ठरलं. आजी त्याआधीच, २००९ साली गेली होती. बाबांनी कपाटं दिली, आजीचा पाटा दिला, भांडी दिली, पण एका गोष्टीवर अडून बसले. कढीलिंब न्यायचा.

मी म्हणालो, "बाबा, शंभर रुपयांना नवीन मिळतं. पिंप गंजलंय, मुळं भिंतीत गेलीयेत." ते काही बोलले नाहीत. मग आम्ही चौघांनी मिळून ते पिंप हलवलं. तळ हातात आला. मुळं तुटली. भर मे महिन्यात, अर्धी मुळं गमावलेलं, तीस-पस्तीस वर्षांचं झाड टेम्पोतून परळला आणून मी अपुऱ्या उन्हाच्या बाल्कनीत ठेवलं. आता कळतं, की नेमकं जे जे करू नये ते सगळं मी केलं. फांद्या छाटल्या नाहीत, पावसाची वाट पाहिली नाही. जुलैपर्यंत ते वाळलं. बाबा रोज सकाळी त्याच्या खोडाला नखाने ओरखडा काढून बघायचे, आत हिरवं आहे का. एक दिवस ते थांबले. ते वाळत चाललेलं खोड कुंडीत उभं असतानाच मी शेजारी मेथीचं किट उघडलं होतं. बाबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला बराच उशिरा लागला.

इमारतीचं काम पुढे रखडलं. भाडं काही महिने आलं, मग यायचं थांबलं. त्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल, आणि ब्लडप्रेशरही वाढेल. असो.

चाळ गेली तरी चाळीचा गणपती चालू आहे. रस्त्याच्या कडेला मांडव घालतात, आणि डोंबिवली, विरार, बदलापूर जिथे जिथे माणसं पांगली तिथून एक दिवस सगळी येतात. २०२३ साली तिथे आमच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या २००१ सालीच डोंबिवलीला गेल्या होत्या. बोलता बोलता बाबा म्हणाले, "आईचा कढीलिंब गेला हो, वहिनी." काकू म्हणाल्या, "गेला कसा? माझ्या दारात आहे की! जाताना तुमच्या आईंनी मला पिल्लू काढून दिलं होतं. आता एवढा मोठा झालाय. माझ्या मुलीकडे विरारला आहे, नणंदेकडे पनवेलला आहे. तुम्हाला किती हवेत?"

कढीलिंबाला मुळांतून फुटवे येतात. आजी त्यांना पिल्लं म्हणायची. मातीबाहेर डोकं काढलं की मुळासकट वेगळं करून ज्याला हवं त्याला द्यायची. आणि मुळातून आलेलं हे पिल्लू बीपासून झालेल्या झाडासारखं नसतं. ते त्या झाडाचं मूल नसून तेच झाड असतं. म्हणजे आजीचा कढीलिंब कधी गेलाच नव्हता. गिरगावची एक कॉपी मी घालवली होती, एवढंच. मी रोज लोकांना बॅकअप घ्या, सगळा डेटा एका मशीनवर ठेवू नका म्हणून सांगतो, आणि सातवी शिकलेल्या आजीने तिचा कढीलिंब चार स्टेशनांवर ठेवला होता.

पुढच्या रविवारी बाबा आणि मी डोंबिवलीला गेलो. काकूंनी दोन पिल्लं काढून दिली, मुळाभोवती ओलं फडकं, वर प्लॅस्टिकची पिशवी. परतीच्या लोकलमध्ये बाबांनी पिशवी मांडीवर धरली होती. एकाने "आजोबा, वर रॅकवर ठेवा की" म्हटलं, तर त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. या वेळी मी घाई केली नाही. कोवळ्या फांद्या खुडल्या, दोन आठवडे सावलीत ठेवलं, मग उन्हात सरकवलं. दोन्ही जगली.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे म्हणूनच बहुवर्षायू लाव. मेथी तुझ्याबरोबर घर बदलू शकत नाही, कढीलिंब बदलू शकतो. कुंडी टेम्पोत मावली नाही तर काडी पर्समध्ये मावते. आणि निघायच्या आधी शेजारच्या दारात एक ठोंब, हापिसातल्या खिडकीत एक फांदी, आईकडे एक पिल्लू ठेवून जा. या शहरात कुठलीच इमारत कायमची आपली नाही. चाळी पडतात, मेट्रोसाठी जागा जाते, वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जातात आणि तिथे सामाईक गॅलरी नसते. एकाच घरात, एकाच कुंडीत राखलेली बाग अशा ठिकाणी टिकायची नाही. वाटलेली टिकते. आणि वाटायची असेल तर शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं, जे तेराव्या मजल्यावर आल्यापासून मी पाच वर्षं वाजवलं नव्हतं. पहिल्यांदा वाजवलं ते गवती चहाचा जास्तीचा ठोंब द्यायला. समोरच्या गुजराती आजींनी त्या बदल्यात नागवेलीचा तुकडा दिला. तो आता आमच्या दारात चढलाय.

बाबांचा दिवस सध्या सकाळी सहाला कुंड्यांपासून सुरू होतो. गिरगावातल्या नव्या इमारतीचं काम आता परत चालू झालंय म्हणतात. नकाशात आम्हाला एक 'ड्राय बाल्कनी' दाखवलीय, वॉशिंग मशीन मावेल एवढी. बाबांनी रंगाच्या एका रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात एक पिल्लू वेगळं लावून ठेवलंय. त्याची पानं तोडायची नाहीत असा घरात नियम आहे. ते गिरगावचं आहे.

किट घेऊ नकोस गं. सोमवारी डबा रिकामा घेऊन ये, पानओव्याच्या चार काड्या आणतो. पाऊस लागायच्या आत लाव, आणि मूळ धरलं की त्यातली एक कुणाला तरी दे.